बिनअंड्याची अंडा-कॉफी

१२ जून २०२१, शनिवार

कॅफे आतून उघडून आठवडा झाला आणि मी पहिल्याच कॉफीवर चिडून घरी आले. दीड वर्ष मिळाली नाही तेव्हा बरी होते.

अश्लेषाने रॉटरडॅमला नेलं होतं. ती माझ्याच ऑफिसात आहे, रायस्वाइकमध्ये माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते, आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादकही आहे. म्हणाली, "तू घरात बसून बसून सगळ्यांवर गुरगुरायला लागलीयेस. चल, व्हिएतनामी एग कॉफी पिऊ." बांबूचे दिवे, भिंतीवर निऑनमधलं कमळ. कॉफी आली उंच ग्लासात, वर कॅनमधून सोडलेल्या क्रीमसारखा फेस, खाली कोमट काळं पाणी. आणि त्यात कागदाची नळी! गरम कॉफीत कागदाची नळी घालणारा माणूस आयुष्यात एकदाही कॉफी प्यायलेला नसणार. पाच मिनिटांत तिचा लगदा झाला. वाढणाऱ्या मुलीला विचारलं, फेसात अंडं आहे का? तर म्हणाली, "थोडं."

थोडं म्हणजे काय? हनोईत ही कॉफी निघाली तेव्हा दूध मिळत नव्हतं, म्हणून दुधाच्या जागी अंड्याचा बलक फेटून घातला. अंडं हाच त्या कॉफीचा जीव आहे. २०१९ मध्ये ऑफिसच्या कामासाठी तिथे दहा दिवस होते, रोज दोन प्यायचे.

हे सगळं मी ट्रेनमध्ये इतकं तावातावाने सांगितलं की अश्लेषा म्हणाली, "अगं, हेच लिही ना अंकासाठी. तीन कॅफे शोध, तुलना कर. दरवर्षी तेच ट्युलिप आणि पवनचक्क्या छापून मला वीट आलाय."

लिहीन. राग कुठेतरी उपयोगी पडू दे.

१६ जून, बुधवार

बाबांना सांगितलं. एप्रिलमध्ये नागपूरच्या दवाखान्यात ते अकरा दिवस ऑक्सिजनवर होते, आणि इकडून विमानं बंद झाली होती. मी इथे लॅपटॉपसमोर रोज सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये "नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड", म्हणजे माझं काही अडलेलं नाही, असं म्हणत होते. तेव्हापासून जो राग बसलाय तो उठायला तयार नाही. कोणावर आहे तेही कळत नाही.

बाबा आता घरी आहेत, पण वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेतात.

"लेख म्हणजे छापून येईल?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. दिवाळीला."

"मग नाव पूर्ण घालजो. धम्मदीपा गजभिये. अन् मला अंक पाठवजो, मोबाइलवर नाही. कागदावरचा."

मी पाच वर्षांची असताना शाळेत नाव घालायला गेलो, तेव्हा कारकुनाने रजिस्टरात नुसतं "दीपा" लिहिलं. म्हणाला, सोपं पडतं. बाबा स्वतः मराठीचे मास्तर. त्यांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "खोडा, अन् लिहा." कारकुनाने खोडलं आणि लिहिलं. ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

मंडळात मला सगळे दीपाच म्हणतात, हे त्यांना माहीत नाही.

४ जुलै, रविवार

सापडली! हेगला, चायनाटाऊनच्या कमानीमागच्या गल्लीत. चार टेबलं, बुटकी स्टुलं, आणि मालकीण लानबाई, साठीच्या पुढच्या, मास्क हनुवटीवर. बलक आणि साखर त्या आपल्या डोळ्यांसमोर फेटतात, दहा मिनिटं, घड्याळ न बघता. मग कंडेन्स्ड मिल्क, मग पुन्हा फेटणं. कप येतो तो गरम पाण्याच्या वाटीत ठेवलेला. वर सायीसारखा दाट फेस, खाली जिभेला चटका देणारी कडू कॉफी, आणि अंड्याचा वास अजिबात नाही.

शेजारच्या टेबलावरच्या डच मुलीने विचारलं, बिनअंड्याची मिळेल का? लानबाईंनी फेटणं थांबवलं. "बिनअंड्याची म्हणजे साधी कॉफी. ती समोर मिळते," म्हणाल्या आणि दाराकडे बोट दाखवलं. मुलगी खरंच उठून गेली. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

अश्लेषाने चमचा चाटून पुसून स्वच्छ केला आणि दुसरा कप मागवला. "श्रावण लागला की महिनाभर नाही, आत्ताच पिऊन घेते." पिवळ्या फेसाची मिशी आलेली अश्लेषा, असा फोटो आहे माझ्याकडे. मार्चमध्ये मला कोविड झाला तेव्हा बारा दिवस हिने दाराबाहेर डबा ठेवला. वरण-भात, वर लिंबाची फोड वेगळी कागदात. हे इथे लिहून ठेवते, कारण मी रागात असले की माणसांचं चांगलं विसरते.

२२ ऑगस्ट, रविवार

आइंडहोवन. श्रावण असल्यामुळे एकटीच गेले. जायला दीड तास, यायला दीड तास.

दोन भावांचं कॅफे, आजीच्या हातची कृती म्हणून पाटी. कॉफी तिन्हींत उत्तम, पण फेसाला अंड्याचा असा वास की कपावर झाकण ठेवावंसं वाटलं. अंडं ताजं होतं. भाऊ घाईत होते, तीन मिनिटांत फेटणं आटोपलं. दीड वर्षाची गिऱ्हाइकं एका उन्हाळ्यात परत आणायची म्हटल्यावर हात थांबेल कसा? तरीही वासाबद्दल लिहिणार आहे. घाईबद्दलही लिहीन.

१९ सप्टेंबर, रविवार

लेख पाठवला. शीर्षक : "व्हिएतनामी अंडा-कॉफी : तीन कॅफे, एक चमचा". शेवटी लानबाईंची कृती, त्यांना विचारून.

लेखाला तीन महिने लागले, पण खाली नाव टाइप करायला बसले आणि तिथेच अर्धा तास गेला. तीन वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा अश्लेषाने मला मंडळात नेलं. दारातच म्हणाली, "ही दीपा, माझी कलीग." नंतर मला बाजूला घेऊन, "सोपं पडतं गं, चालेल ना?" मी चालेल म्हटलं. ऑफिसच्या प्रत्येक ईमेलवर तिला माझं पूर्ण नाव दिसतं. मला कुणी पुन्हा विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

लेखाखाली पूर्ण नाव घातलं. धम्मदीपा गजभिये.

अश्लेषाचं उत्तर अर्ध्या तासात : "भन्नाट!! एक शब्दही बदलणार नाही. लानबाईंचा डायलॉग वाचून किती हसले!" नावाबद्दल काही नाही. मला हलकं वाटलं.

२३ ऑक्टोबर, शनिवार

मंडळाची कोजागिरी. दुपारी दोन वाजता. हॉल पाचपर्यंतच मिळाला होता, त्यामुळे चंद्राला न बोलावताच दूध प्यायलो.

दारात श्यामकांत काका, मंडळाचे अध्यक्ष, हातात मोबाइल घेऊन लसीचा क्यूआर कोड तपासत होते. कोडवर नुसती आद्याक्षरं येतात, म्हणून सोबत ओळखपत्र बघायचं. माझं रहिवासी कार्ड त्यांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं.

"धम्म-दीपा गज-भिये. अरे! मला वाटायचं तुम्ही दीपा जी... जी-वरून काहीतरी. गजभिये म्हणजे नागपूरकडचे?"

"हो."

"अच्छा, अच्छा." कार्ड परत देताना म्हणाले, "मग तुमच्याकडे कोजागिरी वगैरे असते?"

"दूध असतं," मी म्हटलं. ते हसले. मागे रांग होती.

दूध कोमट होतं आणि त्यात जायफळ इतकं की तासाभरात डोळे मिटायला लागले. अश्लेषा जाता जाता हात हलवून गेली, अंकाची धावपळ चाललीय म्हणाली. पुढच्या महिन्यात प्रकाशनाला अंक वाटायच्या टेबलावर बसशील का, हेही तिनेच विचारलं. हो म्हटलं.

२७ ऑक्टोबर, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

अश्लेषाचा फोन. सुरुवातीला हवापाणी, मग, "अगं, एक छोटासा चेंज आहे. ते अंड्याचं."

"काय अंड्याचं?"

"कमिटीचं म्हणणं आहे की अंक आपण आधी देवीपुढे ठेवतो, पूजा होते, मग वाटतो. त्यात अंड्याची रेसिपी... ऑकवर्ड होतं ना? फराळाचं पान शेजारीच आहे."

"अश्लेषा, लेख अंडा-कॉफीवर आहे."

"हो गं, पण एगलेस व्हर्जन देता येईल की! कस्टर्ड पावडर घालून. मी बघितलं यूट्यूबवर. तू 'फेसाळ कॉफी' म्हण. आणि प्लीज, पर्सनली घेऊ नकोस."

"तू दोन कप प्यायलीस. चमचा चाटलास."

"मी खाते गं! प्रश्न माझा नाहीये. अंकाचा आहे."

म्हणजे अंडं पोटात चालतं, अंकात चालत नाही. हनोईत दूध नव्हतं म्हणून अंडं आलं, आणि ही माणसं आता अंडं काढून तिथे दूध आणि कस्टर्ड पावडर भरणार! उलट्या बाजूने कॉफीचा शोध लावतायत. मी विचारलं, गेल्या वर्षीच्या अंकात ख्रिसमस केकची कृती होती, त्यात चार अंडी होती, ती देवीने कशी चालवून घेतली? ती म्हणाली, "ते शुभदाताईंनी लिहिलं होतं गं, जुन्या मेंबर आहेत त्या."

मी फोन ठेवला. हॉलंडमध्ये फोन आपटता येत नाही, सगळे मोबाइल आहेत, याचाही राग आला.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

कुणावर अन्याय नको म्हणून कस्टर्ड पावडर घालून करून पाहिली. ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मध्ये. आजारी माणसाला देतात त्या खिरीत कुणीतरी चुकून कॉफी ओतलीय, अशी लागते. सिंकमध्ये ओतली.

ओतता ओतता तारखा डोक्यात आल्या. १९ सप्टेंबरला अंडं चालत होतं, एक शब्दही बदलायचा नव्हता. २३ ऑक्टोबरला श्यामकांत काकांनी कार्ड वाचलं. २७ ऑक्टोबरला अंडं चालेना. मध्ये कोंबडी बदलली नव्हती.

मी खुर्चीवर बसले आणि उठलेच नाही. चिडायला मी कागदाच्या नळीवर चिडले, आइंडहोवनच्या वासावर चिडले, जायफळावरही चिडले! आणि दारात सगळ्यांसमोर एक माणूस माझं नाव तुकडे करून वाचत होता तेव्हा मी "दूध असतं" म्हणून विनोद केला.

आणि त्याच्या तीन वर्षं आधी "चालेल" कोण म्हणालं होतं? मीच. बाबांनी जे खोडून घेतलं ते मी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहू दिलं. मला स्वतःची लाज वाटते.

अश्लेषाला ईमेल केला : लेख आहे तसा, माझ्या पूर्ण नावाने. नाहीतर लेख काढून टाक.

तिचं उत्तर संध्याकाळी : "ओके. काढते. सॉरी गं."

३१ ऑक्टोबर, रविवार

बाबांचा फोन. "अंक निघाला?"

"यंदा उशीर आहे, बाबा."

"असू दे. मी टपालवाल्याला सांगून ठेवलं. नाव लक्षात ठेव म्हटलं, गजभिये मास्तरांच्या पोरीचा अंक यायचा हाय." मध्ये श्वास घेतला. "कव्हरवर हाय का तुझं नाव? नसलं तरी चालते. आत हाय ना?"

हो म्हटलं. खोटं बोलले. अकरा दिवस ऑक्सिजनवर काढलेल्या माणसाशी खोटं बोलले, कशासाठी, तर देवीपुढे अंडं नको म्हणून.

दुपारी लानबाईंकडे गेले. लेख येणार नाही हे सांगायचं होतं. माझं डच असं की त्यांना बहुतेक वाटलं मला नोकरीवरून काढलंय. त्यांनी दुसरा कप न विचारता ठेवला.

६ नोव्हेंबर, शनिवार

भाऊबीज आणि प्रकाशन एकाच दिवशी. जाणार नव्हते. पण टेबलावर बसण्याचं कबूल केलं होतं, आणि शब्द मोडायला मी काही कमिटी नाही.

एक वाजता पोचले. कार्यक्रम दोनला. टेबलावर अंकांची खोकी. पहिली प्रत देवीपुढे, वर हळदीकुंकू आणि झेंडूची पाकळी. मी एक अंक काढून चाळला, नुसता वेळ घालवायला.

पान सत्तेचाळीस. "व्हिएतनामी फेसाळ कॉफी : तीन कॅफे, एक चमचा". खाली : दीपा.

मला आधी वाटलं डोळ्यांना काहीतरी झालंय. वाचत गेले. दोन अंड्यांचे बलक होते तिथे "दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर". आइंडहोवनचा अंड्याचा वास झाला होता "किंचित वेगळा सुगंध". रॉटरडॅमची कागदाची नळी मात्र जशीच्या तशी, तिला कुणी हात लावला नव्हता. आणि लानबाईंच्या तोंडी, दाराकडे बोट दाखवणाऱ्या त्या बाईंच्या तोंडी घातलं होतं : "विनंती केल्यास बिनअंड्याचीही मिळते."

अश्लेषा पैठणीत, हातात माइकच्या बॅटऱ्या. मी पान उघडून तिच्यासमोर धरलं.

"तू काढते म्हणाली होतीस."

"काढणारच होते गं." ती कुजबुजली. "पण मग आठवलं, बाबांना दाखवायचाय ना तुला? ते किती वाट बघतायत, तूच सांगितलंस. म्हणून मी कमिटीशी भांडून ठेवला. निदान अंकात तरी आलीस."

"कोण आली?"

"म्हणजे?"

"अंकात कोण आलंय, अश्लेषा? वाच ना."

तिने वाचलं नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ते खरं होतं, मी ओळखते तिला. वरण-भाताचा डबा दाराबाहेर ठेवणारीच ती, आणि हे पान लावणारीही तीच. तिला खरोखर वाटतंय की तिने मला काहीतरी दिलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. श्यामकांत काका तरी माझ्यासाठी काही करत असल्याचा आव आणत नाहीत.

तिला स्टेजवरून हाक आली. ती गेली.

मी पर्समधून काळं पेन काढून टेबलावर ठेवलं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग हातातलीच प्रत उघडली. "फेसाळ" खोडलं, वर लिहिलं, अंडा. "कस्टर्ड पावडर" खोडलं, लिहिलं, दोन अंड्यांचे पिवळे बलक, दहा मिनिटं फेटून. "किंचित वेगळा सुगंध" खोडलं, लिहिलं, अंड्याचा वास. लानबाईंचं वाक्य पूर्ण खोडलं आणि समासात त्यांचं खरं वाक्य लिहिलं. "दीपा" खोडलं. धम्मदीपा गजभिये. ती प्रत माझ्या पिशवीत ठेवली. ती नागपूरला जाईल.

दुसरी प्रत. तिसरी. लोक यायला लागले. येणाऱ्याच्या हातात मी दुरुस्त केलेली प्रत देत होते आणि पुढची उघडत होते. एक आजी म्हणाल्या, "लेखिका सही करून देतेय वाटतं!" त्यांनी ती कौतुकाने पिशवीत घातली.

श्यामकांत काका आले. "अंकावर काय लिहिताय मॅडम? नवीन अंक आहेत."

"शुद्धिपत्र," मी म्हटलं.

"कसलं?"

"छपाईत चुका राहिल्यात. एका पानावर पाच." मी त्यांच्या हातात प्रत दिली. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. या वेळी मोठ्याने नाही. प्रत मिटली आणि ते स्टेजकडे गेले. तिथे अश्लेषाच्या कानाला लागलेले मला दिसले.

अश्लेषा पैठणीचा काठ सावरत सगळ्या खुर्च्यांमधून धावत आली. हॉल निम्मा भरला होता, सगळे बघत होते. माझ्यापुढे एकतिसावी प्रत होती. तिने माझं मनगट धरलं.

"धम्मदीपा," ती म्हणाली. "धम्मदीपा, प्लीज. थांब."

तीन वर्षांत तिच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं. चांगलं स्वच्छ म्हणते. 'ध' आणि 'म्म' दोन्ही नीट. जमत होतं तिला.

मी मनगट सोडवून घेतलं आणि बत्तिसावी प्रत उघडली. पान सत्तेचाळीस.